डाएट करून उतरवलेलं वजन वर्षभरात परत का चढतं? माझाच जिभेवर ताबा नाही का?

जिभेला बोल लावण्याआधी पोटाची बाजू ऐकून घ्या. मीही ११ किलो उतरवले होते. दीड वर्षात ९ परत आले. रात्री साडेअकराला अंधारात चिवड्याचा डबा उघडायचो, झाकण वाजू नये म्हणून पोटाशी दाबून धरायचो. ती भूक खोटी नव्हती, एवढं नंतर वाचल्यावर कळलं.

चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडतात. कोठारात किती माल शिल्लक आहे, हे मेंदूला त्यावरून कळतं. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने त्याचं जनुक शोधलं. तीन वर्षांनी केंब्रिजच्या डॉक्टरांनी एकाच घराण्यातल्या दोन मुलांची माहिती प्रसिद्ध केली : ८ वर्षांची मुलगी ८६ किलोची, २ वर्षांचा मुलगा २९ किलोचा. जनुकातल्या दोषामुळे दोघांच्या रक्तात लेप्टिन जवळपास नव्हतंच. अंगावर एवढी चरबी, पण मेंदूच्या लेखी ती मुलं उपाशी! मुलीला रोज लेप्टिनचं इंजेक्शन सुरू केल्यावर वर्षात १६ किलो उतरले. तिला कुणी संयम शिकवला नव्हता.

तुमचं-माझं तसं नाही. आपल्याकडे लेप्टिन भरपूर असतं, मेंदू त्याला फारसं जुमानत नाही. म्हणून वरून टोचून उपयोग होत नाही. मात्र वजन उतरलं की लेप्टिन घसरतं, आणि ती घसरण मेंदू लगेच मनावर घेतो. मेलबर्नमध्ये ५० जणांना १० आठवडे अगदी कमी उष्मांकांचा आहार दिला. सरासरी साडेतेरा किलो गेले. वर्षभराने पाहिलं तरी लेप्टिन खालीच, भूक वाढवणारं घ्रेलिन वर, आणि भूक आधीपेक्षा जास्त. शिवाय शरीर ऊर्जेच्या खर्चातही हात आखडता घेतं. पगार कमी झाला की घरातले दिवे बंद करत फिरणाऱ्या आजोबांसारखं.

आता वजन उतरवायला सेमाग्लुटाइड या औषधाची इंजेक्शनं आली आहेत. ती आतड्यातल्या ‘पोट भरलं’ सांगणाऱ्या संप्रेरकाची नक्कल करतात. तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढे विचाराल म्हणून सांगतो : चाचणीत औषध थांबवलेल्यांचं उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन वर्षभरात परत आलं. तेव्हा डॉक्टरांकडे गेलात तर ‘किती उतरेल’ यापेक्षा ‘किती वर्षं घ्यावं लागेल’ हे आधी विचारा.