कोल्हापुरात छोटं गेस्ट हाऊस सुरू करतोय. गायक-वादक उतरणार असतील तर वेगळी काय सोय ठेवावी? इतर गिऱ्हाईक तक्रार करतं का?

करतं की. आमच्या घरात त्यावरून अजून धुसफूस चालू आहे.

मंगळवार पेठेत मी आणि दाजी मिळून चार-पाच खोल्या चालवतो. मागं ऐन आषाढात धारवाडकडचे एक बुजुर्ग गवई बैठकीसाठी उतरले होते. सोबत शिष्य आणि मिरजेच्या तंबोऱ्यांची जोडी. दमट हवेनं जव्हारी, म्हणजे तारेचा गुंजणारा झणकार, पार बिघडलेली, तार नुसती टणटण करायची, गुंजायची नाही. घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) आणि तारेच्या मध्ये घालायला बुवांनी दोरा मागितला. बायकोनं शिवणाचं रीळ दिलं. त्यांनी बोटांत चोळून बघितलं, "गुळगुळीत आहे" म्हणून बाजूला ठेवलं, आणि अंथरलेल्या वाकळेचाच एक धागा उसवून घेतला. तो तारेखाली घालून नखानं केसभर मागं-पुढं सरकवत राहिले. एका जागी तार अशी बोलायला लागली की जिन्यातला आमचा पोरगा हातात बादली तशीच धरून उभा. पहाटे पाचला त्याच तंबोऱ्यावर खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, सुरू.

शेजारच्या खोलीत शिरोलीच्या एका फाउंड्रीत कामासाठी आलेला गृहस्थ होता. सकाळी त्यानं तोंड सोडलं, आणि दाजींनी मला न विचारता त्याचं सगळं भाडं परत दिलं. वर मलाच ऐकवलं, "गवई ठेवशील तर धंदा बुडवशील." अहो, ज्या गावात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांसारख्या थोर गवयाला दरबारात ठेवून घेतलं, जिथं १८८३ पासून देवल क्लबसारखी गाण्याची संस्था आहे, तिथं खर्जाला कलकल म्हणायचं? अंबाबाईच्या काकडआरतीला निघालेली मंडळी चारलाच उठून नळ सोडतात, बादल्या आपटतात. त्याचे पैसे कोण परत देतंय?

सोयीचं म्हणाल तर तळमजल्याची, मागच्या अंगाची खोली द्या. जिन्यात भोपळ्याला धक्का बसला की तंबोरा गेला. पलंग सरकवून सतरंजीपुरती जागा करा, पहाटे गरम पाणी द्या, एसीचं कौतुक सांगू नका. जेवण मैफलीनंतर, मग रात्रीचा एक वाजू दे. आणि कोल्हापूरला आलात म्हणून आधीच तांबडा रस्सा ओतायचा हट्ट नको, त्यांना गायचं असतंय.

हे सगळं शास्त्रीयवाल्यांपुरतं हां. ऑर्केस्ट्रावाल्यांना मीसुद्धा लांबूनच हात जोडतो. भाडं आयोजकाकडून आगाऊ घ्या; कार्यक्रम झाला की त्यांचा फोन लागत नाही. शेजारच्या खोलीचं बुकिंग घेतानाच पहाटेच्या रियाजाचं सांगून टाका. मी सांगतो, आणि "चालतंय" म्हणणारेच जास्त निघतात. दाजींना हे पटत नाही, पण बुकिंगची वही माझ्याकडं आहे.