१९९७ ची मारुती ८०० पावसाळ्यानंतर सुरूच होईना. सेल्फ फिरतो, पण इंजिन धरत नाही. आधी काय तपासू?

तुम्ही लिहिलंय की गाडी कार्बुरेटरची आहे, जुलै-ऑगस्ट जांबोटीला (बेळगावजवळचा खानापूर तालुका) घराशेजारच्या उघड्या शेडमध्ये उभी होती, नवी बॅटरी घातली तरी फरक पडला नाही आणि आता मेकॅनिक म्हणतोय कार्बुरेटर बदला. कार्बुरेटर इतक्यात बदलू नका. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीकडे बोट दाखवायचं कारणच नव्हतं. दोन महिने खानापूर तालुक्याचा पाऊस खाल्लेल्या गाडीत पहिला संशय करंटवर, म्हणजे प्लगच्या ठिणगीवर घ्यायचा, पेट्रोलवर नंतर. यातलं बरंचसं काम प्लग पाना, १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प, फीलर गेज (बारीक अंतर मोजायच्या पत्र्या) आणि कोरडं फडकं एवढ्यावर घरीच होतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारायचा नाही, मध्ये अर्धा मिनिट तरी थांबायचं. 'धरेल, धरेल' म्हणत सेल्फ मारत बसलं की तो तापतो आणि वर प्लग पेट्रोलने भिजतात. मग मूळ दोष राहतो बाजूला आणि नवीनच निस्तरावा लागतो.

बॉनेट उघडलं की आधी वायरी बघा. भातशेतीच्या आजूबाजूला पावसात उंदीर इंजिनच्या उबेला येतात आणि वायरींचं प्लास्टिक कुरतडतात. प्लगच्या जाड वायरी, कॉइलच्या (बॅटरीच्या करंटचा ठिणगीइतका जोरदार करंट करणारा भाग) दोन बारीक वायरी आणि रबरी पाइप शेवटपर्यंत हाताने चाचपा. हा उपद्व्याप निघाला तर पुढचं बरंच वाचतं.

आता डेल्को, म्हणजे कॉइलचा करंट एकेका प्लगला वाटणारा डिस्ट्रिब्युटर. तीन प्लग वायरींवर चिकटपट्टी लावून १, २, ३ लिहा. एक नंबर टायमिंग बेल्टच्या बाजूचा, आणि फायरिंगचा क्रम १-३-२. वायरींची अदलाबदल झाली की चांगली गाडीही धरत नाही, नुसती कार्बुरेटरमधून फटाके काढते. कॉइलची पॉझिटिव्हची बारीक वायर काढून टोकाला टेप लावा, डेल्कोची कॅप काढा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आतला रोटर फिरला पाहिजे. या इंजिनात डेल्को कॅमशाफ्टवर चालतो, त्यामुळे रोटर जागचा हलला नाही तर टायमिंग बेल्ट तुटलाय असं धरायचं. अशा वेळी सेल्फचा आवाजही नेहमीपेक्षा हलका, एकसारखा येतो, कॉम्प्रेशनचा ठेका लागत नाही. मग बाकी काही न करता गाडी टेम्पोवर घालून गॅरेजला न्यायची.

रोटर फिरत असेल तर कॅप उजेडात धरा. आतून दमट वाटली, पांढरट-हिरवट गंज दिसला, तर फडक्याने पुसून उन्हात किंवा केस वाळवायच्या ड्रायरने सुकवा. ऊन नसेल तर चुलीपाशी ठेवली तरी चालते, फार जवळ मात्र नको. एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत केसासारखी काळी रेघ दिसली तर ती कॅप पुसून सुधारत नाही. ती रेघ म्हणजे करंटने जळून केलेली वाट, आणि हवा दमट झाली की करंट प्लगकडे न जाता त्याच वाटेने पळतो. कॅप बदला. मधलं कार्बनचं बोंड झिजलंय का, आत-बाहेर होतंय का, तेही बघा. रोटरचं पितळी टोक जळून खडबडीत झालं असेल तर रोटरही नवा. कॅप पेट्रोलने धुवायची काहींना सवय असते. आत वाफ राहिली आणि ठिणगी पडली तर कॅप फुटते, म्हणून ते करूच नका.

सगळं परत जोडा आणि ठिणगी बघा. एक प्लग काढून त्याच्या वायरीत बसवा, प्लगची लोखंडी बाजू इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा, रबरी मुठीच्या पकडीने धरा आणि सेल्फ मारायला लावा. प्लगचं भोक, पेट्रोलचे पाइप यांच्यापासून लांब धरा. निळी, 'टक टक' आवाज करणारी ठिणगी हवी. पिवळसर, मरतुकडी ठिणगी बाहेर दिसते, पण सिलिंडरमधल्या दाबाखाली ती उडतच नाही, आणि 'करंट तर आहे' असं म्हणून लोक इथेच फसतात. प्लगचं अंतर ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा.

ठिणगी नसेल किंवा मेलेली असेल तर कॅपच्या मधोमध कॉइलकडून येणारी वायर काढून तिचं टोक इंजिनपासून पाऊण सेंटिमीटरवर धरा. तिथे ठिणगी जोरात आली तर दोष कॅप, रोटर किंवा प्लग वायरीत. तिथेही नाही, तर टेस्ट लॅम्प घ्या. चावी ऑन करून कॉइलच्या पॉझिटिव्हला लॅम्प लागला पाहिजे. नाही लागला तर फ्यूज, चावीचं स्विच, मधली वायर. लागला, तर लॅम्पची क्लिप अर्थला ठेवून टोक कॉइलच्या निगेटिव्हला लावा आणि सेल्फ मारा. लॅम्प लुकलुकला की पॉइंट (डेल्कोतला उघड-बंद होणारा स्विच) चालतायत. सतत पेटलेलाच राहिला तर पॉइंट मिटत नाहीत, एकतर अंतर जास्त किंवा तोंडावर गंज. अजिबात पेटला नाही तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर (पॉइंटला जोडलेला, त्यांना जळण्यापासून वाचवणारा छोटा भाग) शॉर्ट आहे किंवा कॉइल आतून तुटली आहे.

उभ्या राहिलेल्या जुन्या गाडीत सगळ्यात जास्त सापडतो तो पॉइंटच्या तोंडावरचा गंज. दिसायला किरकोळ, पण करंट पूर्ण अडवतो. बारीक कानशीने दोन-चार हात मारा, मग कोरडा जाड कागद मिटलेल्या पॉइंटमधून ओढा. पॉलिश पेपर वापरलाच तर त्याची वाळू तिथे राहू देऊ नका. नंतर रोटरखालच्या दांड्यावरचा कॅम (उंचवटा) पॉइंट पूर्ण उघडेल अशा जागी आणून अंतर ०.४ ते ०.५ मिलिमीटर करा. पॉइंटची तोंडं खड्डा-टेकाड झाली असतील तर पॉइंट आणि कंडेन्सर दोन्ही एकदम बदला, कारण खड्डे बहुधा कंडेन्सरच पाडतो. हे दोन्ही, वर कॅप आणि रोटर, सगळं मिळून तुम्ही घेतलेल्या बॅटरीपेक्षा स्वस्त पडतं. तुमच्या गाडीत पॉइंटच्या जागी इग्नायटर (तेच काम करणारा इलेक्ट्रॉनिक भाग) निघाला तर कानशी-गेज विसरा, आणि प्लग वायर हवेत उघडी ठेवून सेल्फ कधीच मारू नका. करंटला वाट मिळाली नाही की इग्नायटर जातो.

ठिणगी खणखणीत असूनही गाडी धरत नसेल तर मगच पेट्रोल. एअर फिल्टरचं झाकण काढून कार्बुरेटरच्या घशात बघा आणि रेसचा लिव्हर हाताने झटकन ओढा. पेट्रोलची बारीक पिचकारी दिसली तर कार्बुरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. नसेल तर सिरिंजने पाच मिलिलिटर पेट्रोल घशात सोडा, झाकण परत बसवा, मग सेल्फ. बाटलीने ओतायचं नाही, भडका उलटा आला तर हात जातो. गाडी दोन-तीन सेकंद चालून बंद पडली की करंट ठीक, पेट्रोल पोचत नाही.

पेट्रोल न पोचण्याचं एक कारण डोळ्याला दिसतच नाही. या गाडीचा एसी पंप, म्हणजे पेट्रोलचा पंप, इंजिनवर असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या बाजूच्या रबरी पाइपला चीर गेली तर पेट्रोल गळत नाही, पंप हवा ओढतो. खाली डाग नाही म्हणून पाइप चांगला, असं समजू नका. पाइप वाकवून बघा, भेगा दिसल्या की पेट्रोलचाच पाइप घाला, पाण्याचा नाही, आणि तारेने न आवळता क्लिप लावा. पंप तपासायला कॉइलची पॉझिटिव्हची बारीक वायर पुन्हा काढा, कार्बुरेटरचा येणारा पाइप बाटलीत सोडा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. ठोक्याठोक्याने धार आली पाहिजे.

तीच बाटली, काचेची असेल तर, दहा मिनिटं स्थिर ठेवा. पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. आपल्याच उसाच्या पट्ट्यातला माल आहे, तक्रार कुणाकडे करणार! इथेनॉल दमट हवेतलं पाणी ओढतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल-पाण्याचा जड थर पेट्रोल सोडून खाली बसतो. पंपाकडे जाणारा पाइप टाकीच्या तळाजवळूनच उचलतो, त्यामुळे इंजिनला पहिला घोट त्या थराचा मिळतो. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून नवीन पेट्रोल ओतून भागत नाही. शिवाय १९९७ चे रबर आणि पंपाचा पडदा या पेट्रोलसाठी बनलेले नाहीत, तेव्हा पडद्यावरही नजर ठेवा.

पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत येतं आणि वाटीत उतरत नाही, तर फ्लोटची नीडल (वाटीत पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई) चिकटली आहे. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन टिचक्या मारा, पुष्कळदा सुटते. नाही सुटली तर कार्बुरेटर खोला, साफ करा, गॅस्केट आणि नीडलचं किट घाला. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे पितळी तुकडे) हवेने फुंकायचे, तार घालायची नाही. पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की गाडी कायम जास्त पेट्रोल पिते. पूर्ण कार्बुरेटर बदलायची वेळ थ्रॉटलचा (रेसच्या झडपेचा) दांडा ढिला होऊन बाजूने हवा घेऊ लागला किंवा बॉडीच चिरली तरच येते.

प्लग काढल्यावर ओले निघाले तर प्रकरण उलटं आहे, पेट्रोल जास्त झालंय. चोकचं बटण पूर्ण आत ढकला, म्हणजे चोक लावू नका, प्लग सुकवून बसवा, रेस तळापर्यंत दाबून ठेवा आणि दहा सेकंद सेल्फ मारा. रेस पंप करू नका, नुसती दाबून धरा.

ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही असून गाडी मुकी राहिली तर तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. सगळे प्लग काढून, रेस पूर्ण उघडून मोजायचं. तिघांत किलोभरापेक्षा (दर चौरस सेंटिमीटरला एक किलो) जास्त फरक आला तर कमी असलेल्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट. हेडचं काम निघालंच तर बेळगावात उद्यमबागेकडे मशीन शॉपची कमी नाही.

गाडी सुरू झाली की मल्टिमीटर बॅटरीवर लावा. थोडी रेस दिल्यावर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, नाहीतर महिन्याभरात नवी बॅटरीही बसेल. आणि जुनी बॅटरी अजून दुकानात दिली नसेल तर देऊ नका. फुल चार्ज करून रात्रभर ठेवा. सकाळी १२.५ च्या वर राहिली आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेली नाही तर ती चांगलीच आहे.