क्रूझवरच्या सेल्फ-सर्व्हिस लाँड्रीत मशीन थांबलंय, पण आत दुसऱ्याचे कपडे तसेच आहेत. काढले तर चालतात का?

चालतात, पण दहा मिनिटं वाट बघून. नंतर स्वच्छ हातांनी काढून टेबलावर किंवा रिकाम्या टोपलीत ठेवा. मोजे खाली पडू देऊ नका. उपकार म्हणून ते ड्रायरमध्ये मात्र टाकू नका. लोकर आकसते, इलॅस्टिक सैल पडतं आणि भांडण तुमच्या गळ्यात येतं. चालू मशीन मध्येच थांबवणं तर अजिबात नाही.

तुमची पाळी असेल तेव्हा फोनवर टायमर लावा. धुवायला साधारण 35-40 मिनिटं, वाळायला 45 ते 60. ड्रायरची जाळी आधी आणि नंतरही साफ करा. तिच्यावर तंतूंचा थर साचला की हवा अडते, जीन्स तासाभरानंतरही ओलीच निघते, शिवाय आगीचा धोका. पुढून दार असलेल्या मशीनला साबण कमीच लागतो; जास्त घातला तर फेस होतो आणि कपडे चिकट राहतात.

लाँड्रीत इस्त्री असेल, तर ती तिथून बाहेर नेऊ नका. आगीच्या भीतीने केबिनमध्ये ती चालत नाही, घरून आणलेली तर सहसा जप्तच होते.

दिवसभर समुद्रात असलेल्या दिवशी सकाळी तिथे झुंबड असते. जहाज बंदरात लागलं की लाँड्रीची खोली रिकामी. रात्री ती बंद होते का, हे दारावर वाचा.

आणि बुकिंगआधीच बघा: कार्निव्हल, प्रिन्सेस या क्रूझ कंपन्यांच्या बहुतेक जहाजांवर ही सोय आहे, रॉयल कॅरिबियनवर नाही.