गावच्या घरासाठी जादा ५ लाखांचं कर्ज?

प्रश्न : गुहागरजवळ गावी ९०० चौरस फुटांचं एकमजली, कौलारू घर बांधतोय. कंत्राटदार म्हणतो, एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंती, दुहेरी काचेच्या खिडक्या आणि ३ किलोवॉट सोलर करा, वीज वाचेल. त्यासाठी ५ लाख जादा कर्ज लागेल. सध्या डोंबिवलीत राहतो, मिस्टर ४ वर्षांनी निवृत्त होतील. घ्यावं का?

ताई, माझं मत विचाराल तर घेऊ नका. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ५ लाख घेतले तर हप्ता सुमारे ४,३४० रुपये बसतो आणि फेड १० लाख ४० हजारांवर जाते. यातली १६ वर्षं निवृत्तीनंतरची! निवृत्तीपर्यंत तुम्ही गावी असणार गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात. कुलूप लावलेल्या घरात वाचवायला वीज असते किती?

एएसी ब्लॉक उष्णता जांभ्या दगडाच्या चिऱ्यापेक्षा जास्त अडवतो, कंत्राटदार खोटं बोलत नाही. पण एकमजली घरात ऊन मुख्यतः वरून येतं. त्यामुळे भिंतींना जवळच्या खाणीचा जांभा चिराच घ्या. तो विटेसारखा भाजावा लागत नाही, वाहतुकीचं भाडं कमी पडतं आणि दर्जा भरला तर बाहेरून गिलाव्याचीही गरज नाही. वाचलेले पैसे छपरावर घाला. कौलांखाली सिलिंग आणि पश्चिमेला ऐसपैस पडवी हवी. कौलं बांधून घेण्यात मात्र काटकसर नको. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळानं दापोली-मंडणगडात छपरांचं काय केलं ते तुमच्याकडे सगळ्यांनाच माहीत आहे.

दुहेरी काच सरळ वगळा. ती एसी लावून बंद केलेल्या खोलीत कामाची; वाऱ्यासाठी खिडक्या उघड्या टाकणाऱ्यांना तिचा काय उपयोग?

सोलरचा निर्णय थोडा अवघड. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं आणि योजना २०२६-२७ पर्यंतच मंजूर आहे, म्हणजे थांबलात तर ते कदाचित हुकेल. तरीही रिकाम्या घरावर ४ वर्षं खाऱ्या वाऱ्यात पॅनल ठेवायला मी कर्ज काढणार नाही. छपरापासून मीटरपर्यंत वायरची नळी तेवढी आत्ताच टाकून घ्या, आणि छपराच्या दक्षिण बाजूवर माडाची सावली पडत नाही ना ते पाहा.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी. खाडीची वाळू स्वस्त मिळते म्हणून बीम-कॉलमला वापरू देऊ नका. मिठानं सळया गंजतात आणि दुरुस्तीचा खर्च नेमका पेन्शनच्या वयात येतो.

कंत्राटदाराकडून चिऱ्याचं आणि ब्लॉकचं अंदाजपत्रक वेगवेगळं, बाबवार लिहून घ्या. मिळालं की पाठवा, आकडे बघून सांगतो.