उंदराचं यकृत बदलायला शिकताय? आधी कोंबडीची मांडी आणा

भाऊ, पहिल्याच महिन्यात जिवंत उंदीर (मोठा, म्हणजे रॅट) मागू नका. नैतिक समितीची मंजुरी हातात येईपर्यंत बाजारातून कोंबडीच्या तंगड्या आणा आणि त्यातल्या रक्तवाहिनीवर सूक्ष्मदर्शकाखाली टाके घाला. मी असे दोन महिने काढले. घरचे म्हणायचे, रस्सा कधी करणार?

खरी गोम वेळेत आहे. जुनं यकृत काढताना पोर्टल शीर, म्हणजे आतड्याकडून यकृतात रक्त आणणारी शीर, बंद केली की आतड्यात रक्त तुंबतं. ती वीसेक मिनिटांत उघडली नाही, तर उंदीर सहसा हातचा जातो. म्हणून कामाडा आणि काल्न या शल्यचिकित्सकांनी 1979 मध्ये मांडलेली कफची (इंग्रजीतला cuff, म्हणजे नळीचं छोटं कडं) पद्धत शिका. आपल्या जळगावकडच्या माणसाला ती लगेच कळते: ठिबकच्या नळीचा जॉइनरच म्हणा ना. दात्याची शीर बारीक प्लॅस्टिकच्या नळीतून ओवून बाहेर उलटवायची, बांधायची. मग ती यकृत घेणाऱ्या उंदराच्या शिरेत सरकवून वरून दोरा. यकृताच्या वरच्या महाशिरेला (हृदयाकडे रक्त नेणारी मोठी शीर) मात्र टाकेच घालावे लागतात, आणि नवशिक्याचा वेळ तिथेच जातो. आधी ती, मग पोर्टल; पोर्टल जोडली की लगेच रक्त सोडा. खालची महाशीर त्यानंतर. पित्तनलिकेत बारीक नळी, बस. उंदराला पित्ताशय नसतंच, ते शोधत बसू नका.

कफ शिरेत घालताना पीळ पडलाय का, दोनदा पाहा. माझे पहिले कित्येक उंदीर त्या पिळानेच गेले. आणि दात्याचं यकृत गार ठेवायला बर्फ लागतो; मे महिन्यात आपल्याकडे तो टिकत नाही, दुप्पट आणा.