बाप्तिस्म्याआधी दगावलेल्या बाळाचे काय?

प्रश्न : आमच्या शेजारच्या कॅथलिक कुटुंबातील बाळ जन्मानंतर चौथ्या दिवशी दगावले. बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात व्हायचा होता. बाळाच्या पणजी तेव्हापासून एकच वाक्य घोकत आहेत, ‘आमचं लेकरू लिंबोत अडकलं.’ हे लिंबो म्हणजे काय? आणि ज्याचा बाप्तिस्मा झालेला नाही, अशा माणसाला ख्रिस्ती धर्म कोणते स्थान देतो?
— एक वाचक, वसई

उत्तर : पणजींची भीती त्यांच्या मनाचा खेळ नाही. त्यांच्या लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात हे सर्रास शिकवले जात असे. या शिकवणीचे मूळ योहानाच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात आहे. पाण्यापासून व आत्म्यापासून जन्मल्याखेरीज देवाच्या राज्यात प्रवेश नाही, असे येशू तेथे निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला सांगतो. पाचव्या शतकात संत ऑगस्टीन यांनी हे वचन मूळपापाच्या सिद्धांताशी, म्हणजे आदामाच्या पापाचा दोष प्रत्येकाला जन्मतःच लागतो या मताशी, जोडले आणि बाप्तिस्म्याविना मेलेल्या अर्भकांना शिक्षा भोगावी लागते, मात्र ती सर्वांत सौम्य असते, असा निष्कर्ष काढला. तर्क चोख होता, पण तो पचवणे पुढच्या पिढ्यांना जड गेले. मध्ययुगीन पंडितांनी मग शिक्षा वगळून या बाळांसाठी एक वेगळी जागा कल्पिली. तिचे नाव लिंबो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ काठ. लुगड्याला असतो तसाच. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस यांच्या मते तेथील बाळांना दुःख मुळीच नसते, ती आपल्या परीने सुखीच असतात. फक्त देवाचे साक्षात दर्शन त्यांना घडत नाही.

येथे एक गोष्ट पणजींना आवर्जून सांगावी : लिंबो ही शेकडो वर्षे प्रचलित असलेली शिकवण होती, परंतु कॅथलिक चर्चने तिला बंधनकारक श्रद्धातत्त्वाचा दर्जा कधीच दिला नाही.

तरीही तिचे चटके खरे होते. आयर्लंडमध्ये अशा बाळांना पवित्र केलेल्या दफनभूमीत जागा मिळत नसे. त्यांच्यासाठी ‘किलीन’ नावाच्या वेगळ्या जागा असत, कुठे जुन्या पडक्या गढीत, कुठे समुद्रकाठी, कुठे दोन शेतांच्या बांधावर. बाप किंवा चुलता अंधार पडल्यावर लहानशी पेटी घेऊन जाई आणि खुणेला अक्षरे नसलेला एखादा दगड ठेवून परत येई. ही प्रथा विसाव्या शतकातही चालू होती. इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चनेही १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात बाप्तिस्मा न झालेल्यांना, बहिष्कृतांना आणि आत्महत्या करणाऱ्यांना एकाच ओळीत बसवून दफनविधी नाकारला होता. तान्ह्या बाळाला या रांगेत उभे करणाऱ्यांनी त्याच्या आईकडे क्षणभर तरी पाहिले होते का, असे वाटल्यावाचून राहत नाही.

प्रौढांच्या बाबतीत मात्र चर्चची दृष्टी आरंभापासूनच सैल होती. बाप्तिस्म्याआधीच श्रद्धेपायी मारला गेलेला माणूस रक्ताने बाप्तिस्मा पावला, असे मानत. सन ३९२ मध्ये सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची वाट पाहत असतानाच मरण पावला. त्याच्या अंत्यसमयीच्या प्रवचनात मिलानचे बिशप अँब्रोज यांनी, त्याने ज्याची इच्छा धरली ते त्याला मिळालेच, असा दिलासा त्याच्या बहिणींना दिला. इच्छेचा बाप्तिस्मा या कल्पनेला पुढे मोठा आधार मिळाला तो याच प्रवचनाचा. अडचण एवढीच, की चार दिवसांच्या बाळाला इच्छा कोठून असणार?

मार्टिन ल्यूथर यांनी या पेचातून वाट काढली. बाप्तिस्मा न मिळाल्याने नव्हे, तर तो तुच्छ लेखल्याने माणूस दोषी ठरतो, असे ते मानत, आणि आईची मूक तळमळ हीच देवाजवळ प्रार्थना ठरते, असे त्यांनी गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या सांत्वनासाठी लिहिले. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरा आदामाच्या पापाचा दोष बाळाच्या माथी मारतच नाही. बॅप्टिस्ट मंडळ्या बाळांना बाप्तिस्माच देत नाहीत आणि मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) या ख्रिस्ती पंथात तर हा विधीच नाही, त्यामुळे तेथे हा प्रश्न या रूपात उभा राहत नाही. आपल्याकडे १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी आयुष्याच्या अखेरीस, १९१७ मध्ये, ‘देवाचा दरबार’ स्थापन केला आणि त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणले.

आता आपल्या शेजाऱ्यांविषयी. जीव धोक्यात असेल तर डोक्यावर पाणी ओतून ‘मी तुला पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देतो’ हे शब्द उच्चारून कोणीही बाप्तिस्मा देऊ शकतो. चर्चचा तसा हेतू मनात असला, तर ख्रिस्ती नसलेली परिचारिकाही. हे त्या कुटुंबाला आता सांगून उगाच टोचणी लावू नये. बाप्तिस्म्याचा आईवडिलांचा बेत असताना बाळ गेले, तर बिशपांच्या परवानगीने चर्चमध्ये त्याचा अंत्यविधी होऊ शकतो, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे कलम ११८३ सांगते. व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगानेही २००७ मध्ये, अशा बाळांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे, असा निर्वाळा दिला. ती खात्री नव्हे, आशा आहे, हा फरक आयोगाने जपला आहे आणि आपणही जपावा.

पणजींना आयोगाचा अहवाल वाचून दाखवण्याची गरज नाही. १९९२ च्या कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथातील परिच्छेद १२६१ एखाद्या धर्मगुरूंनी त्यांच्याजवळ बसून सावकाश वाचावा. तो या बाळांना देवाच्या दयेवर सोपवतो आणि आधाराला जे वचन देतो, ते पणजींना बहुधा तोंडपाठच असेल : बालकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका.