मुलाचं रेल्वेचं वेड कसं कमी करावं?

कमी करू नका. एवढं लिहून थांबणार होतो, पण तुम्ही पुढे लिहिलंय की तुमचा दहा वर्षांचा मुलगा वहीत इंजिनांचे नंबर उतरवतो आणि ती वही काढून घ्यावी असं घरच्यांचं म्हणणं आहे. ते वाचल्यावर राहवलं नाही.

माझी वही १९९९च्या डिसेंबरात आमच्या थोरल्या काकांनी न्हाणीच्या चुलीत घातली. तेव्हा मी दहावीत होतो.

माझं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, उक्षी स्टेशनाच्या वरच्या अंगाला. मी जन्मलो तेव्हा गावात काय, अख्ख्या जिल्ह्यात रूळ नव्हता. मुंबईला जायचं म्हणजे रात्रीची एसटी आणि घाटात ओकाऱ्या. नाथ पै, मधु दंडवते या मंडळींनी कोकणच्या रेल्वेसाठी दिल्लीत किती वर्षं आवाज उठवला, हे मोठेपणी वाचलं. लहानपणी एवढंच कळायचं, की भोंगा झाला की गुरं आत घ्यायची, सुरुंग उडणार आहे. आमच्या बाजूनं करबुड्याचा बोगदा खणत होते. साडेसहा किलोमीटरचा, त्या मार्गावरचा सगळ्यात लांब. वरचा जांभा संपून आतला काळा कातळ लागला की डंपरमधून पडणाऱ्या दगडांचा आवाज बदलायचा. आम्ही पोरं घरात बसून सांगायचो, आज काळा निघाला.

गाडी आली त्या दिवशी बायकांनी इंजिनाला हळदकुंकू लावलं. माझ्या आजीनं आयुष्यात पहिल्यांदा आगगाडी पाहिली. रात्री जेवताना तिनं विचारलं, "आनी ती परत जायला वळते कुटं?" कोणाला उत्तर देता आलं नाही. मुंबईत वीस वर्षं काढलेल्या काकांनाही नाही. मी दुसऱ्या दिवशी लाइनीवरच्या गॅंगमनला जाऊन विचारलं. त्यानं काठीनं मातीत दोन रेघा ओढून दाखवल्या: इंजिन सुटतं, शेजारच्या लुपावरून, म्हणजे बाजूच्या जोडरुळावरून, मागे जातं आणि दुसऱ्या टोकाला लागतं. गाडी वळत नाही, इंजिन टोक बदलतं. आजीला चुलीपुढे कोळशानं तेच काढून दाखवलं, तेव्हा ती किती तरी वेळ त्या रेघांकडे बघत राहिली. माझं वेड तिथून सुरू झालं.

मग वही आली. दोनशेपानी, जाड पुठ्ठ्याची. तारीख, गाडी, इंजिनाचा नंबर, डबे किती, आणि बोगद्यातून बाहेर पडल्याची वेळ. वेळेसाठी बाबांचं जुनं घड्याळ असायचं. तेव्हा सगळी डिझेल इंजिनं, बहुतेक डब्ल्यूडीएम-२ जातीची, २,६०० अश्वशक्तीची, मूळ ॲल्को या अमेरिकी कंपनीच्या रचनेची. ॲल्कोचा तो लंगडा ठेका ज्यानं ऐकलाय त्याला मी काय म्हणतो ते कळेल. इंजिनाच्या अंगावर शेडचं, म्हणजे त्याची देखभाल होते त्या इंजिनघराचं, नाव रंगवलेलं असायचं, कल्याण, एर्णाकुलम. एर्णाकुलम कुठे आहे ते मला भूगोलाच्या बाईंच्या आधी इंजिनानं सांगितलं. गाडी दिसायच्या आधी बोगद्याच्या तोंडातून गार वारा सुटायचा आणि त्या वाऱ्याला आधीच्या गाडीच्या धुराचा वास असायचा. पुढून ढकलली जाणारी हवा बाहेर येते, म्हणजे गाडी आत शिरली आहे, हे मी स्वतःचं स्वतः शोधून काढलं होतं. वारा सुटल्याची वेळसुद्धा वहीत लिहायचो.

त्याहून मोठी गोष्ट क्रॉसिंगची, म्हणजे समोरासमोरून येणाऱ्या गाड्या एकमेकींना ओलांडतात त्याची. आमच्या बाजूला आजही एकेरी मार्ग आहे. पॅसेंजर उक्षीला लुपावर थांबून राहिली की समोरून मेल येतेय. मेल वीस मिनिटं उशिरा असली तर पॅसेंजरला पुढच्या स्टेशनापर्यंत सोडतात, तिथे ती थांबते, आणि तिच्या मागची मालगाडी आणखी मागे अडकते. वर्षभराच्या नोंदी जमल्यावर कोणती गाडी कुठे अडकली असेल ते मी घरी बसून सांगायचो आणि बऱ्याचदा बरोबर यायचं. हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

काकांचा राग मला आता थोडा समजतो. गिरणी बंद पडून ते गावी परतलेले, आणि लाइनीत घरची दोन हापूसची कलमं गेलेली. मोबदला मिळाला, पण ती कलमं त्यांच्या वडिलांनी लावलेली होती. "गाड्या मोजून प्वाट भरनार हाय काय?" असं ते रोज म्हणायचे. एक दिवस क्लासला दांडी मारून मी दरडीवर बसलेला सापडलो आणि वही गेली. चौदा महिन्यांच्या नोंदी होत्या.

पुढे मी पास झालो, आणि काका मरेपर्यंत सांगत राहिले की वही जाळली म्हणून पोरगा पास झाला. आता चुलतभाऊ दर गणपतीत तेच सांगतात. म्हणून इथे एकदा लिहून टाकतो. सहामाहीला, म्हणजे वही शाबूत असताना, गणितात १५० पैकी ११८ होते. बोर्डाला १२१. तीन मार्क. सहामाहीच्या वेळी मी रोज संध्याकाळी दरडीवर होतो आणि बोर्डाच्या आधी तीन महिने घराबाहेर पडलो नव्हतो. त्या तीन महिन्यांत पुस्तक उघडं ठेवून बोगद्याकडे कान लावून बसायचो. काका माणूस वाईट नव्हते. पण या बाबतीत ते चुकले, आणि चुकले होते हे त्यांनी कधी मान्य केलं नाही.

मी रेल्वेत नाही, पतपेढीत आहे. "मग उपयोग काय झाला?" असं विचारणारे भेटतात. प्रत्येक आवडीचा पुढे पगार झाला पाहिजे हा हट्टच मला पटत नाही. तुमच्या मुलाला मोटरमन व्हायचंय की नाही, हे विचारूही नका.

यूट्यूबवर जुन्या डिझेलचे आवाज ऐकत बसतो म्हणता, तर ऐकू द्या. २०२२ मध्ये पूर्ण मार्गावर वीज आली आणि ते आवाज आमच्याकडे फार कमी झाले. मोबाइल किती वेळ द्यावा हा वेगळा प्रश्न आहे, त्यातलं मला कळत नाही. अभ्यास बुडत असेल तर अभ्यासाचं बोला, वही त्यात आणू नका.

एक मात्र सांगायचं राहिलं. आम्ही दरडीवर आणि बोगद्याच्या तोंडाशी बसायचो, ते मी माझ्या मुलीला करू देणार नाही. पावसात दरड कधी खाली येईल सांगता येत नाही, आणि विजेवरचं इंजिन डिझेलसारखं लांबून ऐकू येत नाही. बघायचं ते फलाटावरून किंवा गाडीत बसून.

त्याला मे महिन्यात मुंबईहून मांडवी एक्सप्रेसनं घेऊन या, दिवसाउजेडी, खिडकीशी. रोह्याच्या पुढे नव्वदहून जास्त बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे २,००० पूल आहेत, पण सगळे मोजायला लावू नका, कंटाळेल. रत्नागिरीजवळ पानवल नदीवरचा पूल ६४ मीटर उंच आहे, तिथे खाली बघायला सांगा. आणि त्याच्या आधी, उक्षी गेलं की त्याच्या हातात घड्याळ द्या. करबुड्यात शिरताना एक वेळ, उजेड आला की दुसरी. लांबी साडेसहा किलोमीटर. वेग त्याचा त्याला काढू द्या, तुम्ही सांगू नका.